विश्लेषण : ससून डॉकचा कारभारी नेमका कोण?

मुंबईतील कुलाब्याच्या ससून डॉकला दीडशे वर्षे झाली. कापसासाठी बांधलेली ही गोदी आज राज्यातील मासळीच्या मोठ्या बंदरांपैकी एक आहे. पण येथील बंदर अधिकाऱ्याला, म्हणजे हार्बर मास्टरला भेटायचे ठरवले, तर जायचे कोणाकडे? धक्का एकाचा, पाणी दुसऱ्याचे, मासेमारीचा परवाना तिसऱ्याचा आणि लिलाव चौथ्याचा, अशी येथील वाटणी आहे. ही वाटणी कशी झाली आणि तिचा भार कोणावर पडतो, याचा हा आढावा.

ससून डॉक कोणी आणि कशासाठी बांधले?

पुण्याच्या ससून रुग्णालयामुळे हे आडनाव महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८३०च्या दशकात मुंबईत स्थायिक झाले. त्यांचे पुत्र अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी कुलाब्याला समुद्रात भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर ही गोदी उभारली. ती १८७५ मध्ये पूर्ण झाली. पश्चिम भारतातील ही पहिली व्यापारी ‘ओली गोदी’ मानली जाते. ओली गोदी म्हणजे आत पाणी धरून ठेवता येईल असे बांधीव कुंड.

तोपर्यंत मुंबईत मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. त्यांचा माल लहान पडावांत आणि मचव्यांत उतरवून किनाऱ्यावर आणावा लागे. त्यात वेळ जाई, माल भिजे आणि पावसाळ्यात तर कामच थांबे. दरम्यान अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि भारतीय कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींची ये-जा वाढली. थेट धक्क्याला जहाज लावता येईल अशा जागेची निकड यातून निर्माण झाली आणि ससून यांनी ती व्यापारी दृष्टीने हेरली.

हा कापूस मुंबईत पिकत नव्हता. तो वऱ्हाड आणि खानदेशातून येत होता. आज बुलढाणा जिल्ह्यात असलेले खामगाव तेव्हा वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ होते. या पेठेसाठीच जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा टाकण्यात आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत १८७० मध्ये तो सुरू झाला. पुढे पाच वर्षांनी ससून यांची गोदी उभी राहिली. मुंबईच्या बंदराची भरभराट अशी थेट वऱ्हाडातील काळ्या मातीशी जोडलेली आहे.

कापसाची गोदी मासळीची कशी झाली?

खासगी मालकाच्या हाती गोदी असणे सरकारला फार काळ रुचले नाही. बंदराचा कारभार एका छत्राखाली आणण्यासाठी १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला होता. सरकारने १८७९ मध्ये ससून डॉक विकत घेऊन या ट्रस्टच्या ताब्यात दिले. पाठोपाठ १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचे इंदिरा डॉक, सुरू झाले. या गोद्या मोठ्या आणि खोल होत्या, रेल्वेलाही जवळ होत्या. जहाजांचा आकार वाढत गेला तशी लहान आणि उथळ ससून गोदी मोठ्या व्यापाराच्या उपयोगाची उरली नाही.

कोळ्यांच्या होड्यांना मात्र ती सोयीची होती. धक्का तयार, आडोसा तयार आणि शहराची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. कालांतराने येथे मासळी उतरू लागली. भाऊचा धक्का आणि ससून डॉक ही आज मुंबईतील मासळी उतरवण्याची दोन प्रमुख ठिकाणे आहेत. थोडक्यात, ससून डॉक मासळीसाठी आखलेले बंदर नाही. दुसऱ्या कामाची जागा मासेमारांनी आपलीशी केली आणि मालकी मात्र मूळ बंदराकडेच राहिली. आजच्या गुंत्याचे मूळ येथे आहे.

बंदर अधिकारी म्हणजे नेमका कोण?

हे पद इंग्रजांच्या आधीपासूनचे आहे. ‘बंदर’ हा शब्दच फारसी. सुरतपासून मलाक्कापर्यंतच्या बंदरांत ‘शहाबंदर’ नावाचा अधिकारी असे. कोणते गलबत कोठे लागणार, जकात किती, परदेशी व्यापाऱ्यांची तक्रार कोणी ऐकायची, हे सारे तो पाही.

इंग्रजी अमदानीत या पदाला कायद्याची चौकट मिळाली. भारतीय बंदरे अधिनियम १९०८ नुसार प्रत्येक बंदराला एक ‘कॉन्झर्वेटर’ असणे बंधनकारक होते. जेथे पोर्ट ऑफिसर असेल तेथे तो, आणि तो नसेल तर हार्बर मास्टर हाच कॉन्झर्वेटर, अशी ती रचना होती. जहाजाने कोठे नांगर टाकायचा, कोणत्या वाटेने यायचे, कधी जागा सोडायची याचे आदेश तो देऊ शकतो. वाटेत बुडालेले किंवा अडकलेले जहाज हटवण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा भारतीय बंदरे अधिनियम आणला. कॉन्झर्वेटर हे पद त्यातही कायम आहे.

मुंबई बंदरात सागरी विभागाचा प्रमुख डेप्युटी कॉन्झर्वेटर असतो आणि हार्बर मास्टर त्याच्या अधिपत्याखाली काम करतो. राज्यातील ४८ लहान बंदरांची व्यवस्था वेगळी आहे. ती महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. तेथे प्रादेशिक बंदर अधिकारी आणि त्यांच्या हाताखाली बंदर निरीक्षक असतात. कोकणातल्या एखाद्या बंदरात गेल्यावर गावकरी ज्यांना ‘बंदरवाले साहेब’ म्हणतात, ते बहुधा हे बंदर निरीक्षक.

मासळी बंदरात त्याचे काम कोणते?

पहिले काम पाण्याचे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार-पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. ससून डॉकसारख्या उथळ जागेत बोट आत कधी घ्यायची आणि बाहेर कधी काढायची, हे भरती-ओहोटी ठरवते. बंदर अधिकाऱ्याकडे त्यासाठी छापील कोष्टक असते. कोळी तांडेल मात्र तिथीवरून हिशेब मांडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. उदाहरणार्थ, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ‘उधाण’ आणि अष्टमीच्या सुमारास ‘भांग’, हे गणित कोळीवाड्यात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर हा ठोकताळा आणि छापील कोष्टक यांत फार अंतर पडत नाही.

दुसरे काम हवामानाचे. समुद्रात वादळाची चिन्हे दिसली की भारतीय हवामान विभाग बंदरांना इशारा देतो आणि बंदरावर त्या क्रमांकाचा बावटा चढतो. ‘तीन नंबरचा बावटा’ हा शब्दप्रयोग किनाऱ्यावर सर्वांच्या तोंडी असतो. तीन क्रमांक म्हणजे स्थानिक सावधानतेचा इशारा. अकरापर्यंतच्या या क्रमांकांत आठपासून पुढे अतिधोक्याची पातळी सुरू होते. बावटा पाहूनही बोट बाहेर काढली, तर त्याची किंमत खलाशांना जिवाने मोजावी लागू शकते.

तिसरे काम जागेचे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. माशांचा प्रजननकाळ आणि खवळलेला समुद्र ही त्यामागची कारणे. या काळात सगळ्या बोटी एकाच वेळी किनाऱ्याला येतात. कोणती कोठे बांधायची, दोर तुटला तर शेजारच्या बोटीवर आदळू नये म्हणून किती अंतर ठेवायचे, आग लागली तर वाट कोठून ठेवायची, हे प्रश्न तेव्हा टोकदार होतात. मासेमारी थांबली तरी बंदराचे काम थांबत नाही, ते याच कारणाने.

पहाटे गोदीत काय चालते?

बंदी नसलेल्या महिन्यांत ससून डॉक पहाटेच जागे होते. कित्येक दिवस समुद्रात राहिलेल्या ट्रॉलरमधून बर्फात ठेवलेली मासळी टोपल्यांतून वर फेकली जाते. हवेत भिरकावलेली टोपली वरचा खलाशी अचूक झेलतो. बोंबील, मांदेली, बांगडा, राणी, माकूल, वाम, कोळंबी यांचे ढीग लागतात. पापलेट आणि सुरमई वेगळ्या काढल्या जातात. चंदेरी पापलेटला २०२३ मध्ये राज्य माशाचा दर्जा मिळाला, त्यामागे घटत चाललेल्या साठ्याची चिंता होती.

मग लिलाव सुरू होतो. बोली लावणाऱ्यांत घाऊक व्यापारी असतात, निर्यातदारांची माणसे असतात आणि शहरभरच्या बाजारांत पाट्या घेऊन बसणाऱ्या कोळी बायकाही असतात. पैशाचा व्यवहार आणि भाव पाडण्याची घासाघीस यांत या बायकांचा दरारा मोठा. थोडे पलीकडे कोळंबी सोलण्याचे काम चालते. ते करणाऱ्यांत बंजारा समाजातील स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. बर्फाच्या पाण्यात तासन् तास हात घालून, सोललेल्या वजनावर मजुरी घेणाऱ्या या कामगार बंदराच्या कोणत्याच अधिकाऱ्याच्या थेट अखत्यारीत येत नाहीत.

मग बंदर अधिकाऱ्याची सत्ता संपते कुठे?

धक्क्याच्या काठावर, असे म्हणता येईल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत प्रमुख बंदरे हा विषय केंद्र सूचीत आहे. मासेमारी राज्य सूचीत आहे. आणि सागरी हद्दीपलीकडील मासेमारी पुन्हा केंद्र सूचीत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. त्यापुढे केंद्राची हद्द.

ससून डॉकमध्ये या तिन्ही नोंदी एकाच धक्क्यावर येऊन भेटतात. जमीन आणि गोदी मुंबई बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील. मासेमारीचा परवाना, बंदीकाळाची अंमलबजावणी आणि डिझेलवरील कराचा परतावा राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे. सुरक्षेचा भाग पोलीस आणि तटरक्षक दलाकडे. बोटी, डिझेल आणि बर्फाचा व्यवहार मच्छीमार सहकारी संस्थांकडे, तर लिलावाची सूत्रे व्यापाऱ्यांकडे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ही साखळी आणखी लांबली. हल्लेखोरांनी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावली होती आणि ते उतरले ते कुलाब्याच्या मच्छीमार नगरला, म्हणजे ससून डॉकच्या शेजारी. त्यानंतर खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रे, बोटींना ठरावीक रंग आणि समुद्रात जाण्यापूर्वी टोकन अशी व्यवस्था आली. २०२४ मध्ये केंद्राने एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू केली. समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. यातील प्रत्येक गोष्ट आवश्यक आहे. पण प्रत्येकीची नोंदवही वेगळी, शिक्का वेगळा आणि खिडकीही वेगळी.

याचा फटका कोणाला बसतो?

गाळाचे उदाहरण घेता येईल. गोदीत गाळ साचला की ओहोटीला बोटी टेकतात आणि भरतीची वाट पाहत तासन् तास बाहेर थांबतात. तेवढा बर्फ वितळतो, मासळीचा दर्जा उतरतो आणि लिलावात भाव पडतो. गाळ काढणे बंदराच्या मालकाचे काम, पण त्याचे उत्पन्न मोठ्या जहाजांतून येते. मासळी राज्याच्या खात्याची, पण गोदी त्या खात्याची नाही. नुकसान मात्र ताबडतोब तांडेलाच्या हिशेबात दिसते.

जागेचेही तेच. मासळी साठवण्याच्या आणि सोलण्याच्या गोदामांचे भाडे, थकबाकी आणि जागा रिकाम्या करण्याच्या नोटिसा यांवरून गोदीत वेळोवेळी वाद झाले आहेत. मालक म्हणून जागेचे मोल मागणे बंदराच्या दृष्टीने रास्त ठरते. दक्षिण मुंबईत समुद्राला लागून असलेल्या जमिनीचे मोल काय, हे सांगायला नको. पण गोदाम बंद झाले की निर्यातदार दुसरीकडे जातो. सोलणाऱ्या बाईला त्याच्यामागे जाता येत नाही.

निर्यातीच्या अटीही बदलल्या आहेत. युरोपीय संघात मासळी पाठवायची तर २०१० पासून ती कोणत्या बोटीने, कोठे आणि कायदेशीररीत्या पकडली याचा दाखला लागतो. अमेरिकेने कासवांच्या बचावाचे साधन जाळ्यांना नसल्याच्या कारणावरून भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीवर बंदी घातली. म्हणजे धक्क्यावरची स्वच्छता आणि धक्क्यावरची नोंद, दोन्ही आता भाव ठरवतात. ती नीट ठेवण्याची जबाबदारी वाटली गेली की ढिलाईचे खापर कोणा एकावर फोडता येत नाही.

समुद्रापासून दूर असलेल्या बुलढाण्याचा याच्याशी काय संबंध?

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमच्या परिसरात समुद्र नाही, पण हा पेच आहे. कोराडी किंवा पेनटाकळीसारख्या जलाशयात धरण आणि पाणी जलसंपदा विभागाचे, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाचा आणि जाळे टाकणारे मच्छीमार सहकारी संस्थेचे. सिंचनासाठी पाणी सोडायचे की मत्स्यबीज वाढेपर्यंत पातळी राखायची, हा प्रश्न आला की ससून डॉकसारखीच ओढाताण होते.

दुसरा धागा बाजाराचा. कापूस किंवा सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यासाठी निदान बाजार समिती आहे. वजन, बोली, आडत आणि पट्टी यांचे नियम तेथे लिहिलेले आहेत आणि दाद मागायला एक दार आहे. ससून डॉकच्या धक्क्यावर मासळी घेऊन येणाऱ्याला तसे एक दार मिळत नाही. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज आणि विम्याच्या सवलती त्यातून मिळायच्या आहेत. शेततळ्यात मासे वाढवणाऱ्या बुलढाण्याच्या शेतकऱ्याला आणि कुलाब्याच्या तांडेलाला हा निर्णय एकाच रांगेत आणतो. पण दर्जा शेतीचा आणि बाजार मात्र बेवारस, ही विसंगती त्यामुळे मिटत नाही.

इतरत्र काय केले जाते?

स्कॉटलंडमधील पीटरहेड हे मासेमारीचे जुने बंदर. तेथे एकच स्थानिक बंदर प्राधिकरण धक्का, पाण्याची वाट आणि मासळी बाजार सांभाळते आणि हार्बर मास्टर त्याच संस्थेला उत्तरदायी असतो. बोटीवाल्याने तक्रार घेऊन जायचे ठिकाण त्यामुळे ठरलेले आहे. केरळने २०२१ मध्ये मासळी लिलाव आणि दर्जा राखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात बंदरांसाठी व्यवस्थापन सोसायट्यांची आणि त्यांत मच्छीमारांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद आहे.

केंद्र सरकारने २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, पारादीप आणि पेटुआघाट ही पाच मासेमारी बंदरे आर्थिक केंद्रे म्हणून विकसित करण्याचे जाहीर केले. त्या यादीत ससून डॉक नव्हते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसारखा निधीचा मार्ग उपलब्ध आहे. परंतु काँक्रीट आणि शीतगृह पैशाने उभे राहते, कारभाराची रचना त्यातून आपोआप येत नाही. केंद्राचे बंदर, राज्याचे खाते, मच्छीमार संस्था आणि लिलावात बसणाऱ्या बायका यांची एक समिती आणि तिला उत्तरदायी असा एक व्यवस्थापक, एवढ्यासाठी घटना बदलावी लागत नाही. दोन सरकारांमधील करार पुरतो.

बंदर पाहायला जाणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

जून-जुलै टाळावा, कारण तेव्हा लिलाव नसतो. सूर्योदयाआधी पोहोचावे, न घसरणारी पादत्राणे घालावीत आणि टोपल्यांच्या वाटेत उभे राहू नये. छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, कारण हे बंदराचे सुरक्षित आवार आहे आणि काम करणाऱ्या बायकांनाही तो हक्क आहे. बंदर अधिकाऱ्याला भेटता आले तर त्याला गोदीचा इतिहास विचारण्याऐवजी गेल्या वेळी गाळ कधी काढला, पावसाळ्यात किती बोटी बांधता येतात आणि धक्क्यावरचा दिवा बंद पडला तर तो कोण दुरुस्त करतो, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला एकाच कार्यालयाचे नाव मिळाले, तर ससून डॉकचा कारभारी सापडला असे समजायला हरकत नाही.